गुरुवारचा समुद्र

मुकुंदराव जेऊरकरांनी आयुष्यात पाच-सात वेळा समुद्र पाहिला, आणि प्रत्येक वेळी चपलांच्या ढिगाशेजारी उभं राहून पाहिला. कुठलंही कुटुंब समुद्रावर गेलं की त्यात असा एक माणूस लागतोच. बाकीचे "चला, चला" करत पाण्याकडे पळतात आणि पळता पळता त्याच्या अंगावर एकेक वस्तू टाकत जातात. मोबाईल, घड्याळ, गाडीची किल्ली, मेहुण्याचं पाकीट, मेहुणीची पर्स. हा माणूस कोण असावा यावर कधी चर्चा होत नाही, तो ठरलेलाच असतो. मुलगा निमिष लहान होता तेव्हा मुकुंदरावांनी त्याचे कपडे सांभाळले. तो बंगळूरला नोकरीला लागून सुट्टीत मित्र घेऊन आला, तेव्हा त्या मित्रांचेही सांभाळले.

आता तुम्ही म्हणाल, ठेवायचं सगळं वाळूत आणि शिरायचं पाण्यात, कुणी हात धरलाय? तसं नसतं हो. मुकुंदराव महाळुंग्याच्या एका कारखान्यात क्वालिटी मॅनेजर. गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथं. नखाएवढा ओरखडा दिसला तरी अख्ख्या पेटीवर लाल चिठ्ठी चिकटवून माल परत पाठवणारा हा माणूस. त्यांच्या बुटांचा आवाज आला की लाइनवरची पोरं मोबाईल खिशात घालतात. अशा माणसानं चारचौघांत शर्ट काढायचा? पोट सुटलंय ते सुटलंय, त्याचं एवढं नाही. पण उघड्या पोटाला साहेब कोण म्हणणार?

तरीही एका संध्याकाळी, चित्राताई गवार मोडत बसल्या असताना, मुकुंदराव एकदम बोलून गेले, "मला एकदा गळ्यापर्यंत समुद्रात उतरायचंय."

चित्राताई शाळेत गणित शिकवतात. त्यांनी नवऱ्याकडे, फळ्यावर अचानक बरोबर उत्तर लिहिणाऱ्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. "मग उतरा की. कुणी अडवलंय?"

"पण कुणी बघता कामा नये."

यात हसण्यासारखं होतं, पण चित्राताई हसल्या नाहीत. मुकुंदरावांचं बालपण करमाळ्याकडच्या कोरड्या भागात गेलं. त्यांच्या गावची विहीर दिवाळी सरता सरता तळ दाखवायची. एवढ्या अफाट पाण्याच्या काठावर जायचं आणि घोटाही न भिजवता परत यायचं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. पुढच्या वर्षी निवृत्ती. गुडघे आत्ताच कुरकुरायला लागलेले. आता नाही तर मग कधी?

झालं, शोध सुरू झाला. मुकुंदरावांना साधा किनारा नको होता, निर्मनुष्य किनारा हवा होता. ज्याचे फोटो आहेत तो बाद. जिथं घोडागाडी आहे तो बाद. जिथं भेळेची गाडी आहे त्याचा तर विचारच नको. मोबाईलवरच्या नकाशात कोकणचा काठ बोटानं पुढे सरकवत सरकवत अखेर ते श्रीवर्धनच्या अलीकडे माडवेळ नावाच्या गावापाशी थांबले. आकाशातून काढलेल्या चित्रात पांढरी वाळू होती, सुरूचं बन होतं, एक होडी होती, आणि माणूस एकही नव्हता. या गावाबद्दल कुणी बरा-वाईट अभिप्राय दिलेला नव्हता. ग्रामपंचायतीत फोन करून त्यांनी घरगुती जेवण देणाऱ्या शालनबाईंचा नंबर मिळवला.

"आम्ही दोघं येतोय, गुरुवारी," मुकुंदराव म्हणाले.

"गुरवारी? बरा, या," असं म्हणून शालनबाईंनी फोन ठेवला. काय खाणार, किती वाजता येणार, काही विचारलं नाही. बाईंना पाहुण्यांची सवय नाही, म्हणजे किनारा अस्सल आहे, असा निष्कर्ष मुकुंदरावांनी काढला.

गुरुवारची भानगड सांगायला हवी. आमच्या पिंपरी-चिंचवड-चाकणकडे रविवार हा बँकवाल्यांचा आणि आयटीवाल्यांचा. कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. विजेच्या वाटणीतून ही पद्धत कधीतरी पडली म्हणतात. आता वीज असो नसो, गुरुवार तो गुरुवार. या गुरुवारावर मुकुंदराव जन्मभर चरफडले. लग्नं रविवारी, बारशी रविवारी, नातेवाईक जेवायला येणार ते रविवारी, आणि हे कारखान्यात. गुरुवारी हे घरी, तर चित्राताई शाळेत. पण आता पहिल्यांदाच त्यांना आपल्या सुट्टीचा अभिमान वाटला. "शनिवार-रविवारी तिथं माणसावर माणूस पडतो. गुरुवारी कोण येतंय?"

"अहो," चित्राताईंनी विचारलं, "पण गुरुवारी सुट्टी असते ती काय फक्त तुम्हालाच असते का?"

मुकुंदराव त्या वेळी जाड चष्म्यातून सुरूच्या बनातली झाडं मोठी करून बघत होते. त्यांना काही ऐकू आलं नाही.

मग अर्धी चड्डी घ्यायला गेले. चिंचवडच्या दुकानात मुकुंदरावांनी इकडेतिकडे बघून हलक्या आवाजात सांगितलं, "पोहण्यासाठी." विक्रेत्यानं दुकानाच्या दुसऱ्या टोकाला आरोळी ठोकली, "ए, काकांच्या मापाची पोहायची चड्डी बघ रे! सगळ्यात मोठी!" दुकानातल्या सगळ्यांनी काकांचं माप डोळ्यांनी घेतलं. सगळ्यात मोठ्या मापात एकच नग होता, आणि त्यावर गुलाबी बगळे होते. बारीकसारीक नव्हेत, चांगले हातभर. मुकुंदरावांनी तो नग मुकाट्यानं पिशवीत घातला.

इथवर निभावलं असतं. पण मुकुंदराव पडले क्वालिटीवाले. रंग जातो की नाही हे तपासल्याशिवाय कापड समुद्रात नेणार कसं? त्यांनी ती चड्डी बादलीत भिजवली. बादली गुलाबी झाली. नियमानं माल परत करायला हवा होता, पण दुसरा नग नव्हता, म्हणून त्यांनी हयातीत पहिल्यांदा, दोष दिसत असूनही, सवलतीत माल मंजूर केला आणि बाल्कनीत वाळत घातला. ताथवड्याच्या त्यांच्या सोसायटीत बाल्कनीच्या कठड्यावर कपडे टाकायला बंदी आहे. थोड्याच वेळात सोसायटीच्या ग्रुपवर बगळ्यांचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, "बी विंगच्या सभासदांनी नोंद घ्यावी." सभासदांनी चांगलीच घेतली. संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटलेल्या प्रत्येकानं मुकुंदरावांच्या पायांकडे बघून नमस्कार केला.

आणि यशवंतराव आले. यशवंतराव शेजारच्या फ्लॅटमधले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, त्यामुळे जगातलं सगळं पाणी आपल्या अखत्यारीत येतं अशी त्यांची समजूत.

"जेऊरकर, समुद्राचा बेत दिसतोय," ते सोफ्यावर बसत म्हणाले. "मला विचारायचं नाही का आधी? माझं सगळं आयुष्य पाण्यात गेलंय."

"सहज आपलं... किनाऱ्यावर बसणार."

"बसायला बगळे कशाला लागतात?" यशवंतरावांनी चहा मागवला. "हे बघा, कालव्याचं पाणी सरळ असतं. समुद्राचं पाणी बिनभरवशाचं. ते आत ओढतं. ट्रकची ट्यूब घ्या. माझ्याकडे आहे. आणि दोरी. एक टोक कमरेला, दुसरं गाडीला."

"गाडीला?"

"मग काय वहिनींना बांधणार?"

ट्यूब आली. यशवंतरावांनी ती जातीनं हवा भरून आणली होती, म्हणजे आयत्या वेळी धावाधाव नको. ती डिकीत मावेना. मागच्या सीटवर आडवी घातली तेव्हा बसली, पण मग मागच्या काचेतून दिसायचं बंद झालं.

तेवढ्यात गाडीची प्रदूषण तपासणीची मुदत संपल्याचं लक्षात आलं. तपासणी केंद्रावर ओटीपी गेला निमिषच्या जुन्या नंबरवर, आणि तो नंबर आता नांदेडच्या कुणा गृहस्थांकडे होता. त्यांना मुकुंदरावांनी फोन करून ओटीपी मागितला. गृहस्थांनी त्यांना भामटा समजून असं काही झापलं की मुकुंदराव फोन कानाला धरूनच उठून उभे राहिले. त्यात टोलचा टॅग बंद पडला. बँक म्हणाली, गाडीचा समोरून फोटो पाठवा. पाठवला. मग म्हणाली, बाजूनं पाठवा. पाठवला. मग म्हणाली, मागच्या सीटवर काय आहे ते कळत नाही. शेवटी शाखेत जाऊन ट्यूबचा खुलासा केला तेव्हा टॅग सुरू झाला. नंतर ते ज्या रस्त्यानं गेले त्यावर एकही टोलनाका लागला नाही ही गोष्ट वेगळी.

गुरुवारी पहाटे दोघं निघाले. चित्राताईंनी शाळेत किरकोळ रजा टाकली होती. मुकुंदरावांनी विजारीच्या आत बगळे घरूनच चढवले होते, कारण उघड्यावर कपडे बदलण्याचा प्रश्नच नव्हता. ताम्हिणी चढेपर्यंत ते बगळे चांगलेच टोचायला लागले. घाटाखाली पोलिसांनी गाडी अडवली. हवालदारांनी मागं वाकून बघितलं.

"हे काय?"

"ट्यूब."

"कशाची?"

"ट्रकची."

"आणि ट्रक कुठाय?"

पोहण्यासाठी, एवढा एक शब्द मुकुंदरावांच्या तोंडातून बाहेर पडेना. ते म्हणाले, "गावी पंक्चरचं दुकान काढतोय." चित्राताईंनी तोंडावर पदर धरला आणि गाडी पुढं गेल्यावर पोटभर हसून घेतलं.

"बरं, मासे मिळतील ना तिथं?" हसून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"आज गुरुवार आहे."

"अहो, समुद्रावर जायचं आणि उपासाचं खायचं? कुणाला सांगू नका हं."

पण मुकुंदरावांचा गुरुवार कडक असतो. दत्ताचा वार, उपास, त्या दिवशी मासळी नाही. त्या बाईंना बिचाऱ्यांना हे आधी सांगायला हवं होतं, सुरमई-बिरमई तळून बसल्या असतील, याची त्यांना वाटभर रुखरुख लागून राहिली.

माडवेळ आलं. शालनबाईंच्या अंगणात गाडी थांबली. बाई पडवीत नारळ खोवत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "चाकणशी आलाव ना? या, बसा. साबुदाणा भिजलाय, लगेच परतते."

मुकुंदराव गाडीच्या दारात एक पाय बाहेर टाकून तसेच थांबले. "साबुदाणा? तुम्हाला कसं कळलं आम्ही..."

"गुरवारी दुसरा कोण येणार? आमच्या रणजीतनं पयल्यांदा दोस्त आणले ना, तवा येवढी सुरमई तळली मी. नि सगळे म्हणतात कसे, काकू, आज गुरुवार! दोन दिवस आमी घरचे तीच खात होतो. तवापासनं गुरवारची खिचडी करते."

"रणजीत म्हणजे?" चित्राताईंनी विचारलं.

"माजा पोरगा. म्हाळुंग्याला हाय, कंपनीत. गावातली सगळी पोरा तिकडंच. म्हणून तर गाव रिकामा बगा. एरवी किनाऱ्यावर कुत्रा नसतो. गुरवारी तेवढी पोरा घरी येतात, दोस्तमंडळी घेऊन. बरा वाटतो."

मुकुंदरावांनी सुरूच्या बनाकडे बघितलं. झाडांखाली ओळीनं गाड्या उभ्या होत्या, मोटारसायकली होत्या, दोन मोठ्या ट्रॅव्हलर होत्या, आणि सगळ्यांच्या नंबरपाट्यांवर पिंपरी-चिंचवडचं एमएच चौदा. नकाशातलं ते चित्र काढलं तेव्हा बहुधा सोमवार असावा. चित्राताई गणिताच्या बाई असूनही उत्तर चुकलेल्या माणसाला लगेच टोकत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

"आता आलोच आहोत तर लांबून बघून येऊ," मुकुंदराव पडेल आवाजात म्हणाले.

लांबून बघणं जमलं नाही. सुरूच्या बनातून बाहेर पडताच समोरून नवनाथ आला. नवनाथ त्यांच्याच कारखान्यातला लाइन सुपरवायझर, मूळचा बीडकडचा. मंगळवारीच मुकुंदरावांनी त्याची अख्खी पेटी परत पाठवली होती. तो ओल्या चड्डीत होता, आणि साहेबांना बघून त्याच्या हातातलं शहाळं खाली पडलं.

"साहेब? तुमी हितं?"

ही बातमी किनाऱ्यावर वाऱ्यासारखी पसरली. स्पीकरवरचं गाणं बंद झालं. वाळूत लोळणारे उठून बसले आणि बसलेले उभे राहिले. एका पोरानं सुट्टीच्या दिवशी, समुद्राच्या काठावर, सवयीनं मोबाईल लपवला. लपवायला खिसा नव्हता, म्हणून पाठीमागे धरला. कमरेइतक्या पाण्यात असलेले दोघं जण तिथल्या तिथं सावधान झाले आणि लाटेनं आडवे पडले.

"बसा, बसा, चालू द्या," मुकुंदराव म्हणाले. त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

पण आमची माणसं प्रेमळ. साहेब घरी आल्यावर उभे ठेवतील? कुणीतरी शालनबाईंकडून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. ती बरोबर सावलीत, पाण्याकडे तोंड करून मांडली. शहाळं आलं. यशवंतरावांची ट्यूब गाडीत दिसली तेव्हा तर जल्लोष झाला. "साहेबांनी आपल्यासाठी ट्यूब आणली!" चार जण ती डोक्यावर घेऊन पाण्यात पळाले.

आणि मग ते व्हायचं ते झालं. नवनाथ संकोचून म्हणाला, "साहेब, तुमी हितंच बसणार हाईत न्हवं? तेवढा मोबाईल ठिवू का तुमच्यापाशी? मगाशी एकाचा वाळूत गेला, सापडंना." त्याच्या मागून दुसरा आला. दुसऱ्यामागून शेजारच्या कारखान्यातले आले. "साहेबांकडं द्या रे, साहेबांकडं एकदम सेफ!" शालनबाईंची बाजाराची पिशवी मुकुंदरावांच्या मांडीवर आली आणि बघता बघता मोबाईल, पाकिटं, किल्ल्यांनी भरली. कोकणात येऊन, घाट उतरून, बँकेशी भांडून, नांदेडकरांच्या शिव्या खाऊन मुकुंदराव पुन्हा तिथंच बसले होते, फक्त या वेळी खुर्ची होती.

समोर सगळा कारखाना पाण्यात हुंदडत होता. मुकुंदराव पिशवी धरून बघत राहिले. लहान मुलासारखं रडू येईल की काय अशी त्यांना भीती वाटली, आणि त्या भीतीनं ते आणखी ताठ बसले.

"जायचं ना?" चित्राताई शेजारी वाळूत बसत म्हणाल्या.

"आता कसला जातोय. सगळे ओळखीचे. पुढच्या वेळी बघू."

"पुढच्या वेळीही गुरुवारच असणार."

"मग राहिलं. काय अडलंय?"

"माझं अडलंय," चित्राताई एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "दर वेळी मी पाण्यात जाते आणि मागं वळून बघते. तुम्ही आपले त्या चपलांजवळ उभे. मला तिथं हसायलासुद्धा लाज वाटते. किती वर्षं झाली, मी समुद्रावरून घरी येते ती तेवढंच बघून. उठा. आणा ती पिशवी इकडे."

बायको अशी बोलली की काय करायचं हे कुठल्याच क्वालिटीच्या नियमात दिलेलं नाही. मुकुंदराव उठले. त्यांनी शर्ट काढला. मग किनाऱ्याकडे पाठ करून विजार काढली.

गुलाबी बगळे उन्हात आले. अख्ख्या किनाऱ्यावर शांतता पसरली. ट्यूबवर बसलेले चार जण वल्हवायचे थांबले. ती शांतता मुकुंदरावांना पुण्याहून चाकणला गर्दीतून पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढी लांब वाटली. मग कुठून तरी बारीक आवाज आला, "मटेरियल पास हाय का, साहेब?"

आणि किनारा फुटला. नवनाथ हसता हसता पाण्यात बसला. मुकुंदरावांचे कान तापले. परत फिरावं, विजार चढवावी आणि सरळ ताथवडं गाठावं असं त्यांना वाटलं. पण मागं चित्राताई पिशवी धरून बसल्या होत्या. पुढं समुद्र होता. त्यांनी घसा खाकरला आणि ठेवणीतल्या आवाजात जाहीर केलं, "सवलतीत पास केलाय."

ह्यावर जी शिट्टी वाजली ती श्रीवर्धनपर्यंत गेली असेल. मुकुंदराव पाण्यात शिरले. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, बगळे भिजले. नवनाथनं हात पुढं केला, तो त्यांनी धरला. छातीपर्यंत पाणी आलं. गळ्यापर्यंत यायला अजून बरंच आत जावं लागलं असतं आणि तेवढी छाती नव्हती, म्हणून ते गुडघे वाकवून खाली बसले. अशा रीतीनं मुकुंदराव जेऊरकर गळ्यापर्यंत समुद्रात उतरले. पाणी कोमट होतं, खारट होतं, आणि इतकं होतं की संपायचं नावच काढत नव्हतं. त्यांना इतका आनंद झाला की ते मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते त्यांनाही सांगता येणार नाही.

तेवढ्यात लाट आली. तोंड उघडंच होतं. मुकुंदराव उलटेपालटे झाले, नाकातोंडात पाणी गेलं, आणि खोकत खोकत उभे राहिले तेव्हा नाकावरचा चष्मा गेला होता. चष्म्याचा नंबर असा, की त्याच्याशिवाय त्यांना स्वतःचा तळहातही दोनदा बघावा लागतो.

"काळजी करू नगा साहेब, गाडी मी चालवत नेतो!" नवनाथ कुठून तरी ओरडला. कुठून ते काही दिसेना.

मुकुंदरावांनी किनाऱ्याकडे वळून बघितलं. पांढरी वाळू होती. तिच्यामागे सुरूचं हिरवं बन होतं. गाड्या नव्हत्या, ट्रॅव्हलर नव्हत्या, कारखाना नव्हता. जिथवर नजर जाईल तिथवर माणूस म्हणून नव्हता. नकाशात बघितला होता अगदी तसाच किनारा होता तो, आणि तो इतका सुंदर होता की मुकुंदराव पुढची लाट विसरून बघतच राहिले.

शेजारी पाणी हललं. कुणीतरी त्यांचा दंड धरला.

"कोण?"

"मी," चित्राताई म्हणाल्या. त्या डोक्यापासून ओल्या होत्या आणि हसत होत्या, एवढं आवाजावरून कळत होतं.

"अगं, पिशवी? पिशवी कुणाकडे दिलीस?"

"खुर्चीवर ठेवली."

"एकटी? चित्रा, सगळ्या कारखान्याचे मोबाईल आहेत त्यात!"

"तुम्हाला दिसतेय का खुर्ची?"

मुकुंदरावांनी डोळे बारीक करून किनाऱ्याकडे नीट बघितलं.

"नाही."

"मग राहू द्या की," चित्राताई म्हणाल्या, आणि पुढची लाट आली.